दिसण्याजोगं असतं तर

पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना ‘किडनी नॉर्मल आहे’ हे वाक्य मी जपून वापरते आणि पेशंटला सिरॉसिस असेल तर वापरतच नाही. मी मूत्रपिंडविकारांची डॉक्टर. रक्तातल्या क्रिएटिनिनच्या आकड्यावरून मूत्रपिंडाची स्थिती ओळखणं हा माझ्या कामाचा पाया आहे. यकृत निकामी होत चाललेल्या माणसात हा पायाच हलतो आणि तो का हलतो याचा विचार करू लागले की मी रसायनशास्त्रातून निघून थेट न्यायदर्शनात जाऊन पोचते. जे डोळ्यांना दिसत नाही ते आहे किंवा नाही, हे कशाच्या बळावर म्हणायचं? आपल्याकडच्या दार्शनिकांनी या एका प्रश्नावर शतकानुशतकं वाद घातला. वॉर्डात मात्र त्याचं उत्तर दुपारच्या औषधाआधी द्यावं लागतं.

कोरेगाव तालुक्यातल्या एका मावशींचं उदाहरण घेते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय ५४. शरीराच्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर हल्ला करण्याचा आजार, त्यातून सिरॉसिस, त्यातून जलोदर. पोट तट्ट फुगलेलं, पण कानशिलं आत गेलेली, दंड मुठीत मावेल इतका बारीक, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकणाऱ्या. सोबत मुलगा, त्याच्या पिशवीत रिपोर्टांची फाइल. क्रिएटिनिन ०.९. छापील मर्यादेच्या आत, म्हणून आकडा ठळक नाही, शेजारी बाण नाही. गुडघेदुखीवर वेदनाशामक गोळ्या काही आठवडे चालू होत्या, कारण किडनी चांगली असल्याचं घरच्यांना सांगण्यात आलं होतं. मुलगा म्हणाला, “मॅडम, आईचं लिव्हर खराब आहे ते माहितीय, पण किडनी एकदम ओके आहे म्हणालेत. फक्त लघवी दोन दिवसांपासून फार थोडी होतेय.”

०.९ हा आकडा २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात घातला, तर या वयाच्या बाईची मूत्रपिंडं मिनिटाला साधारण ७६ मिलिलिटर रक्तद्रव गाळतात असं उत्तर येतं. सकाळी मी सिस्टॅटिन सी नावाची दुसरी तपासणी पाठवली. ती आली १.९. त्यावरून उत्तर येतं ३२. एकच बाई, एकच रक्त, आणि एका हिशोबाने थोडीशी कमतरता, तर दुसऱ्या हिशोबाने मूत्रपिंडाचा अर्ध्याहून जास्त कस गेलेला.

क्रिएटिनिन येतं कुठून ते आधी पाहू. यकृतात क्रिएटिन तयार होतं, रक्तातून स्नायूंमध्ये जाऊन साठतं, आणि त्यातला रोज साधारण पावणेदोन टक्के भाग आपोआप क्रिएटिनिन होऊन रक्तात उतरतो. मूत्रपिंडं तो गाळून बाहेर टाकतात. गाळण कमी झाली की तो रक्तात साचतो, आकडा वाढतो. धडधाकट माणसात हा तर्क पक्का आहे. पण सिरॉसिसमध्ये यकृत क्रिएटिन कमी बनवतं. स्नायू झिजून गेलेले असतात, त्यामुळे ते साठवायला जागाही कमी. अंगात आणि पोटात साठलेलं पाणी उरलंसुरलं क्रिएटिनिन पातळ करतं. शिवाय मूत्रपिंडाच्या नलिका गाळणीला वळसा घालून त्यातलं काही स्वतःच लघवीत सोडतात, त्यामुळे २४ तासांची लघवी जमवून केलेला हिशोबही वास्तवाहून चांगला येतो. आणि कावीळ फार वाढलेली असली तर खुद्द तपासणी चुकू शकते: १८८६ साली माक्स याफे यांनी शोधलेली पिक्रिक आम्लाच्या नारिंगी रंगाची पद्धत अजून अनेक प्रयोगशाळांत चालते आणि रक्तात बिलिरुबिन खूप असलं की ती क्रिएटिनिन कमी दाखवते. युरियाकडे वळावं, तर युरियाही यकृतच बनवतं. म्हणजे मूत्रपिंडाविषयी साक्ष द्यायला आपण ज्या दोघांना नेहमी बोलावतो ते दोघंही यकृताच्या घरी वाढलेले, त्याच्या अन्नावर पोसलेले. घरावरच संकट आलं की त्यांचा आवाज बसतो, आणि आपण त्या बसलेल्या आवाजाला ‘तक्रार नाही’ असं समजतो.

माझे वडील, अण्णा, वाईला हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. प्राज्ञपाठशाळेच्या आणि लक्ष्मणशास्त्री जोशींच्या त्या गावात शास्त्रार्थाची हवाच वेगळी होती. अण्णांकडे तर्कसंग्रह या न्यायदर्शनाच्या ग्रंथाची आठल्ये-बोडस यांनी सिद्ध केलेली आवृत्ती होती, आणि मी मेडिकलला गेल्यावर सुट्टीत घरी आले की ते तीच काढून बसायचे. डॉक्टर होणाऱ्या मुलीला अनुमान कळलंच पाहिजे, असा त्यांचा आग्रह. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं आग आहे, हे अनुमान सगळ्यांना ठाऊक असतं. अण्णांचा जीव मात्र त्याच्या उलट बाजूत अडकलेला असायचा. धूर आहे म्हणून आग आहे, हे खरं. आग आहे म्हणून धूर असेलच का? नैयायिक इथं तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे करतात. त्यात आग आहे, धूर नाही. आगीतून धूर निघायला ओलं इंधन लागतं. ती अट त्यांच्या भाषेत उपाधी. जिथं उपाधी नाही तिथं आग असूनही धूर उठणार नाही.

क्रिएटिनिनच्या धुराला लागणारं ओलं इंधन म्हणजे स्नायू आणि यकृत. मावशींच्या शरीरात ते उरलं नव्हतं. मूत्रपिंड पेटलेलं, वर धूर नाही, आणि रिपोर्ट म्हणतो, डोंगर शांत आहे.

याहून नेमकी मांडणी बौद्धांच्या तर्कशास्त्रात आहे आणि मला वाटतं ती प्रत्येक पॅथॉलॉजी लॅबच्या भिंतीवर असावी. सातव्या शतकात धर्मकीर्तीने विचारलं की एखादी गोष्ट नाही, हे आपण कशावरून ठरवतो? जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. हे बरोबर आहे, कारण घडा ही दिसण्याजोगी वस्तू आहे, उजेड आहे, डोळे ठीक आहेत, मध्ये आडोसा नाही. घडा असता तर दिसलाच असता. या ‘असता तर दिसलाच असता’ची खात्री असेल तेवढ्यापुरतंच न दिसणं हा पुरावा ठरतो. अंधाऱ्या खोलीत घडा न दिसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मीमांसकांनी आणि नंतरच्या नैयायिकांनीही आपापल्या परीने हीच अट घातली. आकाशातलं पिशाच दिसत नाही म्हणून ते नाही असं म्हणता येणार नाही, कारण असतं तरी ते दिसलं नसतं, असं उदाहरण हे लोक देतात. त्या काळच्या माणसांना पिशाच खरं वाटत होतं की नाही, हा भाग वेगळा. तर्काची काटेकोरपणाशी बांधिलकी इतकी, की स्वतःच्या अज्ञानाला ज्ञान म्हणायची मुभा ते कोणालाच देत नाहीत.

म्हणून सिरॉसिसच्या पेशंटचं क्रिएटिनिन पाहताना मी रेसिडेंटना एकच प्रश्न विचारते. या बाईची मूत्रपिंडं खरोखर निम्म्यावर आली असती, तर या बाईच्या या दंडांतून, या यकृतातून, आकडा चढला असता का? उत्तर ‘हो’ असेल तरच ०.९ ला आधार मानायचं. मावशींच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ होतं.

इथं चार्वाक दारात उभे राहतात आणि त्यांना हाकलून देण्याची माझी इच्छा नाही. त्यांचा आक्षेप असा की धूर आणि आग यांचं नातं सगळीकडे, सर्वकाळ पक्कं आहे हे तुम्ही पाहिलं कुठे? ते पक्कं आहे हे दुसऱ्या अनुमानाने सांगाल, त्यासाठी तिसरं लागेल, आणि ही साखळी संपणार नाही. माझ्या कामात ही अनवस्था शब्दशः समोर येते. क्रिएटिनिनवर विश्वास नाही म्हणून सिस्टॅटिन सी पाठवलं. ते शरीरातल्या सगळ्या केंद्रक असलेल्या पेशी बनवतात, स्नायूंवर ते फारसं अवलंबून नाही. पण जंतुसंसर्ग, शरीरातली सूज, थायरॉइडचे विकार आणि स्टेरॉइडची औषधं त्याचा आकडा हलवतात, आणि मावशी आपल्या यकृताच्या आजारासाठी प्रेडनिसोलोन घेत होत्या. म्हणजे ३२ हा आकडाही कदाचित खऱ्याहून खाली. मग न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये पाठवून डीटीपीए करावं? बाहेरून टोचलेला पदार्थ रक्तातून किती वेगाने कमी होतो ते मोजणं ही जास्त विश्वासाची पद्धत खरी, पण तो पदार्थ पोटातल्या पाण्यातही झिरपतो आणि मूत्रपिंडांनी न गाळलेलं गाळल्यासारखं दिसतं. इन्युलिन शिरेतून सतत सोडून मोजण्याची पद्धत सगळ्यांत प्रामाणिक मानली जाते. आजारी माणसाला ती सोसत नाही आणि रोजच्या रुग्णालयात ती होतही नाही. प्रत्येक लिंगाला, म्हणजे अनुमानाच्या प्रत्येक खुणेला, आपली उपाधी आहे. खाली जाऊन पाय टेकावा अशी जमीन लागत नाही.

चार्वाकांना सगळ्यांत माणूसपणाचं उत्तर नैयायिक उदयनाचार्यांनी दिलं, असं मला वाटतं. शंका घ्या, पण ती तुमच्याच वागण्याला छेद देऊ लागली की तिथं ती थांबते. जेवल्याने भूक भागते यावर शंका घेणाराही भूक लागल्यावर ताटावर बसतो. पेशंटची लघवी कमी होत असताना मला अनंत शंका परवडत नाहीत. त्या सकाळी मी वेदनाशामक गोळ्या थांबवल्या. यकृताच्या आजारात मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिनच्या जोरावर कसाबसा टिकलेला असतो आणि या गोळ्या नेमक्या तेच तोडतात. लघवी वाढवणारी औषधं थांबवली, पोटातलं थोडं पाणी काढून जंतुसंसर्ग नसल्याची खात्री केली, अल्ब्युमिन सुरू केलं. निर्णय ३२ धरून घेतला, ७६ धरून नाही. कारण मी कमी धरून चुकले तर काही औषधांचा डोस थोडा कमी पडेल. जास्त धरून चुकले तर मूत्रपिंडं जातील.

चरकसंहितेच्या विमानस्थानात रोग ओळखण्याची साधनं सांगताना अनुमानाची लांबलचक यादी आहे. माणसाच्या अग्नीचं अनुमान त्याला अन्न किती पचतं त्यावरून करावं, बळाचं अनुमान त्याला व्यायाम किती झेपतो त्यावरून. प्रत्येक अदृश्य गोष्टीला तिच्याच कामातून गाठायचं, ही त्यामागची दृष्टी. आणि सूत्रस्थानात चरक आणखी एक प्रमाण मानतो: युक्ती. अनेक कारणं एकत्र येऊन एक परिणाम घडतो, ते सगळं मिळून पाहणारी बुद्धी. क्रिएटिनिन, सिस्टॅटिन, रोजची मोजलेली लघवी, लघवीतलं सोडियम, रक्तदाब, वजन, दंडाची जाडी, घेतलेल्या गोळ्या. यांतलं एकही एकटं पुरेसं नाही. सूत्र माझ्याऐवजी विचार करील ही अपेक्षा मी सोडून दिली आहे, आणि चरकाचं ते प्रमाण मला फार जवळचं वाटतं.

मुलाच्या फाइलमध्ये तळाशी एक कागद सापडला. अडीच महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट, क्रिएटिनिन ०.४. हा माझ्यासाठी त्या दिवसाचा सगळ्यांत मोलाचा पुरावा होता. ०.४ वरून ०.९ म्हणजे दुपटीहून जास्त. पूर्वी अशा पेशंटमध्ये मूत्रपिंड बिघडलं असं म्हणायला क्रिएटिनिन १.५ ची रेषा ओलांडावी लागे. १९९६ च्या निकषांत तीच होती. २०१५ मध्ये इंटरनॅशनल असाइटिस क्लबने ती मोडून नवा नियम केला: ४८ तासांत ०.३ ने वाढ, किंवा पेशंटच्या मागच्या तीन महिन्यांतल्या स्वतःच्याच आकड्याच्या दीडपट. बाईची तुलना छापील मर्यादेशी करायची नाही, तिच्याशीच करायची. मला हा बदल नुसता तांत्रिक वाटत नाही. त्यात एका माणसाला त्याच्या स्वतःच्या मापाने ओळखण्याचा आदर आहे. फाइल जपून ठेवणाऱ्या त्या मुलामुळे आईला तो मिळाला. पाच दिवसांत लघवी परतली, क्रिएटिनिन ०.६ वर उतरलं, सिस्टॅटिन १.४ वर.

ज्यांना वेदनाशामक गोळ्या नसतात, जंतुसंसर्ग नसतो, आणि तरीही यकृताच्या आजारात मूत्रपिंडं थांबतात, त्यांच्या बाबतीत प्रश्न आणखी खोल जातो. या अवस्थेला हिपॅटोरीनल सिंड्रोम म्हणतात. १९६९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी असं मरण पावलेल्या माणसांची मूत्रपिंडं दुसऱ्या रुग्णांना बसवली आणि ती काम करू लागली. १९७३ मध्ये टॉमस स्टार्झल यांच्या गटाने उलट बाजू दाखवली: अशा माणसाला नवं यकृत बसवलं की त्याची जुनीच मूत्रपिंडं पुन्हा सुरू होतात. मग आजारी कोण होतं? पोटातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त तिथं साचतं, बाकीच्या धमन्यांत दाब कमी पडतो. मूत्रपिंडाला त्या कमी दाबाखेरीज काही कळत नाही. त्यावरून ते ठरवतं की शरीर कोरडं पडलं आहे, आणि एकेक थेंब धरून ठेवू लागतं, तेही पोटात दहा लिटर पाणी साचलेलं असताना. कमी दाब म्हणजे पाण्याची कमतरता, हे त्याचं अनुमान निरोगी शरीरात अचूक असतं. रक्तस्रावात, अतिसारात त्यानेच जीव वाचतात. इथं उपाधी बदलली आहे, आणि ते कळायला मूत्रपिंडाकडे दुसरं प्रमाण नाही. माझ्याकडे आहे. म्हणूनच ०.९ पाहून समाधान मानणारा डॉक्टर मला त्या मूत्रपिंडापेक्षा जास्त जबाबदार वाटतो. (फार दिवस असंच चाललं, तर पित्ताच्या आणि दाहाच्या माऱ्याने मूत्रपिंडाचीही खरीखुरी हानी होते. तेव्हा ते बाधित नसलेलं अंग आहे, असं कायम गृहीत धरता येत नाही.)

आता ज्या गोष्टीने मला हे लिहायला बसवलं तिच्याकडे येते. यकृत मिळण्याच्या रांगेत कोण किती तातडीचा हे ठरवण्यासाठी मेल्ड नावाचा गुणांक वापरतात. अमेरिकेत २००२ पासून त्यावर वाटप चालतं आणि जगभर, आपल्याकडेही, डॉक्टर तो पाहतात. त्यात बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिएटिनिन. पुढे सोडियमही आलं. सूत्रात क्रिएटिनिन १ च्या खाली असेल तर ते १ धरायचं असतं. मावशींचं ०.४ म्हणजे १, आणि मूत्रपिंडं बिघडल्यावरचं ०.९ म्हणजेही १. त्यांच्या मूत्रपिंडांवर जे संकट आलं त्याची सूत्राने नोंदच घेतली नसती. बायकांचे स्नायू मुळात कमी, म्हणून त्याच बिघाडाला त्यांचं क्रिएटिनिन पुरुषांपेक्षा खालीच राहतं, आणि त्या रांगेत मागे राहत आल्या. हे आकडेवारीत दिसल्यावर २०२३ च्या जुलैपासून अमेरिकेत मेल्ड ३.० आलं: स्त्रियांना १.३३ गुण जास्त, अल्ब्युमिनचा समावेश, क्रिएटिनिनची वरची मर्यादा ४ वरून ३ वर. दुरुस्ती व्हायला एकवीस वर्षं लागली. त्यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. सूत्र सर्वांना सारखं लागू होतं, म्हणून ते न्याय्य आहे असं सगळ्यांनी मनापासून मानलं. ज्याचं शरीर जास्त झिजलेलं त्याचा धूर कमी, आणि धूर मोजून पाणी वाटायचं, तर सगळ्यांत जळालेल्या घराकडे पाणी शेवटी पोचतं. न पाहता दिलेली समता कुणाला किती महाग पडते, हे धर्माच्या आणि नीतीच्या चर्चेत आपण क्वचित मोजतो. मला ते इथं मोजता येतं, मिलिग्रॅममध्ये.

मावशींचा मुलगा आता यकृताचा भाग द्यायला तयार आहे. आपल्याकडे बहुतेक यकृतं अशीच, घरातल्या जिवंत माणसाकडून मिळतात. आमच्या बैठकीत प्रश्न आहे तो मूत्रपिंडाचा. सिस्टॅटिनच्या हिशोबाने त्या ४७ वर अडकल्या आहेत, आणि प्रत्यारोपणानंतर द्यावी लागणारी औषधं मूत्रपिंडाला कठीण जातात. यकृतासोबत मूत्रपिंडाचाही विचार करायचा का? माझे एक शल्यचिकित्सक सहकारी म्हणतात, एकाच शस्त्रक्रियेत दोन्ही झालं तर पेशंटची सुरक्षितता वाढते. माझं मत वेगळं आहे. नवं यकृत बसल्यावर त्यांची मूत्रपिंडं सुधारायची शक्यता मला दिसते, आणि मेंदूमृत दात्याचं मूत्रपिंड मावशींना दिलं तर आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या, यादीतल्या कुणातरी माणसाचं ते जातं. अमेरिकेने २०१७ पासून यासाठी निकष घातले आणि मागून मूत्रपिंड लागलंच तर प्राधान्य ठेवलं. तशी मागची सोय असेल, तर आधी यकृत करून वाट पाहावी असं मी धरून आहे. सहकाऱ्यांचा प्रश्न रास्त आहे: तुमचा ४७ तरी खरा कशावरून? मी स्टेरॉइडचा डोस कमी झाल्यावर सिस्टॅटिन पुन्हा करायला सांगितलं आहे, आणि पोटातलं पाणी काढल्यावर उशिरापर्यंत नमुने घेऊन डीटीपीए. ते आले की बैठकीत वाद पुन्हा होईल, आणि मी ते सगळे कागद, मुलाच्या फाइलमधल्या त्या जुन्या रिपोर्टासकट, टेबलावर ठेवणार आहे.